देवीवाले डाक्टर बांगड्या भरतात

तुळशीरामजी वानखडे माणसाला तोंडावरून ओळखत नसत, हातावरून ओळखत. समोरचा नमस्कार करो, हसो, घरची खुशाली विचारो, यांची नजर त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत एक फेरी मारून येई आणि मग ते म्हणत, "तुमी पातूरले सापडले होते. मामाच्या घरी." तो माणूस आठवून पाही आणि कबूल करी की हो, पातूरलाच, आणि मामाच्याच घरी.

सापडला म्हणजे देवी टोचायला सापडला. तुळशीरामजींनी सरकारी नोकरीत तीस वर्षं अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतल्या लेकरांना देवी टोचल्या. हुद्दा व्हॅक्सिनेटरचा होता, पण तो शब्द कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोक त्यांना देवीवाले डाक्टर म्हणत. बाकीचे टोचणारे हातावर एका ओळीत टोचत. तुळशीरामजी दोन वर आणि एक खाली असे टोचत, चुलीच्या तीन धोंड्यांसारखे. त्यामुळे स्वतःचं काम त्यांना कुठेही ओळखू येई. वणांमधलं अंतर पाहून ते सालही सांगत. अंतर जास्त असेल तर लेकरू हिसके देत होतं, वण खोल असेल तर त्या साली फिरकी बोथट होती, असा त्यांचा हिशेब असे. फिरकी म्हणजे टोचायचं दातेरी चाकाचं हत्यार. ते ज्याने पाहिलंय त्याला मी वर्णन करून सांगायची गरज नाही, आणि ज्याने पाहिलं नाही तो सुखी आहे.

माझी अमरावतीहून अकोल्याला बदली झाली ती मे महिन्यात. शहाण्या माणसाने मे महिन्यात अकोल्याला येऊ नये, पण बदलीचे हुकूम काढणारा माणूस वाळ्याच्या पडद्याआड बसलेला असतो. आम्ही खटाऱ्यातून सामान उतरवत होतो. शेजारच्या खोलीतून एक उंच, वाळलेले, गुडघ्यात किंचित वाकलेले गृहस्थ बाहेर आले. त्यांना पाहताच माझ्या बायकोने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि ती ट्रंकेच्या आड गेली. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि एका मुलीची आई होती. गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपलं डाव्या हाताचं बोट वर करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हिवरखेड. तू मले चावली होती."

बायकोचं माहेर हिवरखेडचं. चावल्याचं तिला आठवत होतं, पण लग्नात ते कोणी सांगितलं नव्हतं.

अशी आमची ओळख झाली. ते एकटे राहत. बायको वारून काही वर्षं झाली होती, मुलगा नागपूरला नोकरीला होता. छप्पन सालच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले. खोलीत बुद्धाची एक तसबीर, एक बाज, एक स्टोव्ह आणि नोकरीतली टोचायच्या सामानाची पत्र्याची पेटी, एवढाच संसार होता. पायांना बारमाही भेगा. संध्याकाळी ते ओट्यावर बसून पाय कोमट पाण्यात ठेवत आणि मी त्यांच्याशेजारी बसून माझ्या साहेबाला नावं ठेवत असे. दोघांनाही त्याने जरा बरं वाटे.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे. टोचल्या जागी फोड आला की देवी 'उठली' म्हणायची. सातव्या दिवशी जाऊन हात पाहायचा, उठली नसेल तर परत टोचायचं, हा नियम. तुळशीरामजींनी तो नियम सगळ्या जगाला लावला होता. मी खात्याच्या परीक्षेत नापास झालो, तेव्हा म्हणाले, "नाई उठली त पुन्हा टोचू." बायकोची डाळ शिजेना, तेव्हा तेच. मुलाचं एक स्थळ मोडलं तेव्हाही तेच, फक्त जरा हळू आवाजात. मला पुढे पुढे त्या वाक्याचा कंटाळा आला होता. पण खरं सांगायचं तर परीक्षेला परत बसलो तो त्याच वाक्यावर.

पंचावन्न पूर्ण झाल्यावर ते सेवानिवृत्त झाले. पेन्शनीत निघालेला माणूस आमच्याकडे दोन कामं करतो. एक तर भावावर दावा लावतो, नाहीतर दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं जुळवतो. तुळशीरामजींना भाऊ नव्हता आणि लग्नं जुळवायला लोकांच्या घरात बसावं लागतं, तसं त्यांना बसता येत नव्हतं. कचेरीत निरोपाचा हार घालताना कोणीतरी विचारलं, आता पुढे काय? ते म्हणाले, बांगड्यांचं दुकान काढणार. आधी सगळे हसले. मग एका कारकुनाने, ही सर्व्हिस संपली म्हणून हातात बांगड्या भरल्यात की काय, असा विनोद केला. तुळशीरामजी त्याच्या हाताकडे पाहून म्हणाले, "तुमी भाकरीच्या टोपल्याखाली लपले होते." बाकीचा समारंभ शांततेत पार पडला.

मला त्यांचा हेवा वाटला हे कबूल करतो. मी स्वतः तोवर मनातल्या मनात तीन धंदे काढले होते. एक छापखाना, एक वह्यांचं दुकान आणि एक लोणच्याचा कारखाना. तिन्ही मनातल्या मनातच बुडवलेही होते. सकाळी कचेरीत जाताना धंदा सुरू व्हायचा आणि संध्याकाळी येताना दिवाळं निघायचं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, पायाला भेगा पडलेला माणूस खरोखरच फंडाचे पैसे काढून काचेचा माल आणायला निघालाय, हे पाहून मला थकवा आला. दुसऱ्याची हिंमत पाहून येतो तो थकवा.

पण बांगड्याच का, हे कोणालाच कळेना. बांगड्या भरणं हे कासारांचं, मनियारांचं काम. ते पिढ्यान्‌पिढ्या त्यात असतात, त्यांच्या बोटांना ते जन्मतः येतं. मुलाने नागपूरहून पत्र लिहिलं. ते तुळशीरामजींनी मला वाचायला दिलं आणि स्वतः दुसरीकडे पाहत बसले. मुलाचं म्हणणं असं, की आपल्या घरात पहिल्यांदा सरकारी पेन्शन आली, लोक तुम्हाला डाक्टर म्हणतात, आणि आता तुम्ही बाजारात बसून बायांचे हात धरणार. शिकलो ते यासाठी का? मी म्हटलं, मुलगा फार चुकीचं लिहीत नाही. त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "हात पायल्याशिवाय मले करमत नाई, बाबू."

धंदा शिकायला ते रहीमनचाचीकडे गेले. जुन्या शहरातली ही मनियारीण सत्तरीला आली होती, डोळ्यांनी कमी दिसे, पण हाताला हात लागला की माप कळे. तिने यांना सहा महिने पदरी ठेवलं. मी एकदा पाहायला गेलो होतो. चाची स्वतःचाच हात पुढे करी आणि हे त्यात बांगडी चढवायला पाहत. तीस वर्षांची सवय होती. लेकराचं मनगट असं पकडायचं की सुटता कामा नये. त्यामुळे यांच्या हातात हात आला की तो अडकित्त्यात सापडल्यासारखा व्हायचा. चाची ओरडायची नाही, नुसती उसासा टाकायची.

"डाक्टरसाब, हाथ खींचो मत," ती दर वेळी म्हणायची. "हाथ अपने आप आता है. तुम खाली ठहरो."

मला ती गंमत वाटली होती. तुळशीरामजी मात्र घरी येईपर्यंत आपला उजवा हात उघडमीट करत होते.

दुकान म्हणजे कापड बाजाराच्या कोपऱ्यावरचा एक ओटा. वर ताडपत्री, खाली सतरंजी, मागे तारांवर ओवलेल्या हिरव्या-लाल बांगड्या, आणि पुढ्यात नोकरीतलीच पत्र्याची पेटी. पहिले पंधरा दिवस तिथे एकही बाई बसली नाही. बाया येत, रंग पाहत, भाव विचारत, आणि मग मागे बसलेल्या माणसाचं तोंड पाहून त्यांचा हात आपोआप पदराखाली जाई. अकोल्याच्या बाजारात येणाऱ्या खेड्यांतल्या निम्म्याअधिक बायांना लहानपणी यांनीच टोचलं होतं. डोक्याने त्या विसरल्या असतील, पण हात विसरला नव्हता. आणि काही बाया दुसऱ्याच कारणाने पुढे जात. ते कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तुळशीरामजीही बोलत नव्हते.

पहिली गिऱ्हाईक माझी बायको. यात माझा काही मोठेपणा नाही. त्या दिवशी तिचं माझ्याशी भांडण झालं होतं आणि मला न विचारता काहीतरी करायचं म्हणून ती गेली. बसली, डोळे मिटले, तोंड दुसरीकडे केलं आणि हात पुढे केला. तुळशीरामजींनी आधी ओल्या कापसाने तिचा हात पुसला. मग म्हणाले, "तिकडं पाय, कावळा." तिने पाहिलं. कावळा नव्हता. तोवर दोन बांगड्या चढल्या होत्या आणि चार फुटल्या होत्या. डझनभर भरून झाल्यावर त्यांनी तिला गंभीरपणे सांगितलं, पाणी लावू नको, खाजवू नको, सातव्या दिवशी दाखवाले ये.

ती सवय गेली नाही ती नाहीच. प्रत्येक बाईला ते जाताना तेच सांगत. वर्षानुवर्षं तोंडात बसलेली वाक्यं होती, बांगड्या भरून झाल्या की आपोआप बाहेर पडत. काही साध्याभोळ्या बाया खरोखरच सातव्या दिवशी दाखवायला येत. मग त्यांनाही परत काय पाठवायचं, म्हणून हे प्रत्येकीचा हात नीट पाहत आणि एखादी बांगडी वाढवली असेल, म्हणजे फुटली असेल, तर तिथे नवी चढवून देत. गंमत अशी, की धंदा उठला तो यानेच. सातव्या दिवशी फुटकी बांगडी बदलून देणारा दुकानदार अकोल्यात दुसरा नव्हता. कासार मंडळी वैतागली. एकाने येऊन विचारलं, हे असं किती दिवस चालवणार? हे म्हणाले, नियम आहे. कोणाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तीन वर्षांत ओट्यावर बायांची बऱ्यापैकी वर्दळ झाली. फार मोठं काही झालं नाही. लोकांनी पुढे त्यांना बांगडीवाले डाक्टर म्हणायला सुरुवात केली, एवढी बढती झाली. हात मऊ झाला होता, बांगड्या क्वचितच फुटत. पण ते थकले होते. दिवसभर मांडी घालून बसल्याने गुडघे धरत, संध्याकाळी उठताना ताडपत्रीच्या बांबूला धरून दोन हप्त्यांत उठत. मी म्हणत असे, पुरे आता, पेन्शन आहे, घरी बसा. ते म्हणत, उद्या पाहू. आणि सकाळी त्यांची पेटी डोक्यावर घेऊन निघालेली आकृती मला कचेरीत जाताना दिसे. मी लोणच्याचा कारखाना परत एकदा बुडवून कामाला लागे.

रविवारी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत असे. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाईने हात पुढे केला की ते आधी तो उलटा करून पाहत. तीन वण दिसले की त्यांचा चेहरा सैल होई, चेष्टा सुरू होई, गाव, साल, कोण किती रडलं ते. दुसऱ्या कोणाचे वण असले तरी चाले. पण एखाद्या हातावर काहीच नसेल तर ते गप्प होत आणि अगदी हळू विचारत, माहेर कोणतं? उत्तर ऐकलं की श्वास सोडत आणि कामाला लागत. हे मी इतक्या वेळा पाहिलं की एका एप्रिलच्या दुपारी, बाजारात चिटपाखरू नव्हतं तेव्हा, सरळ विचारलं, तुम्ही कोणाला शोधता?

त्यांनी आधी टाळाटाळ केली. मग बांगड्यांच्या तारा पुसता पुसता सांगितलं.

पातूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. वीसेक वर्षांपूर्वी, भर उमेदीत, हे त्या गावी टोचायला गेले. पहाटे निघून पायी गेले होते. गावात शिरताना रस्ताभर लेकरं दिसली, चावडीवर पोचेतो एक दिसेना. हे नेहमीचंच होतं. लोकांना वाटे, टोचलं की माता कोपते. पाटलाने यांना चावडीच्या खाली, लांब लिंबाच्या झाडाजवळ भुईवर बसवलं. यांनी पाणी मागितलं. वरून ओतून देणारा माणूस वावरात गेलाय, येईल, असं उत्तर आलं. दुपार कलेपर्यंत हे तिथे बसले. माणूस आला नाही आणि पाणीही आलं नाही. मग पाटलाने सांगितलं, गावात मूल नाही, सगळी जत्रेला गेली.

हे उठून निघाले. गावाच्या शेवटच्या घराच्या ओसरीत एक कणगी होती, धान्य साठवायची, माणसाच्या उंचीची. तिच्यातून खोकल्याचा आवाज आला. लेकराचा. हे थांबले. परत एकदा खोकला आला.

"झाकण काढा लागत होतं फक्त," तुळशीरामजी म्हणाले. "हाताच्या अंतरावर होतं."

मी म्हटलं, थकला होतात. पहाटेपासून चालत होतात, पोटात पाणी नव्हतं. माणूस थकतो.

"थकलो होतो, ते खरं हाय. पण थकलो म्हणून नाई गेलो, बाबू. राग आला होता म्हणून गेलो. म्हटलं, राहू दे यायले."

त्यांनी रजिस्टरात लिहिलं, गावात मूल नाही. आणि परत आले. त्याच चैत्रात त्या गावात देवी आल्या. किती लेकरं गेली, ते त्यांनी विचारलं नाही. खात्याची माणसं गेली तेव्हा हेही मागोमाग गेले होते, पण गावकऱ्यांनी रस्त्यावर लिंबाचे डहाळे आडवे टाकून कोणालाच आत येऊ दिलं नाही. त्यानंतर नोकरीची जी वर्षं उरली त्यांत यांनी एकही कणगी उघडल्याशिवाय सोडली नाही. पण ते गाव पुन्हा यांच्या वाट्याला आलं नाही.

मी विचारलं, आणि बांगड्या? ते म्हणाले, तीस वर्षं लेकरांचे हात ओढून घेतले. बांगड्या भरायला बाई स्वतः हात देते. त्या गावची लेक कधीतरी अकोल्याच्या बाजारात येईल, या ओट्यावर बसेल आणि स्वतः हात देईल, एवढ्यासाठी हे दुकान आहे.

"मग?" मी म्हटलं.

"मंग काई नाई. भरून देईन."

मी त्या उन्हात घरी आलो आणि बायकोला काही सांगितलं नाही. पेन्शनीत निघालेल्या माणसाला हौस आली म्हणून आम्ही चार वर्षं हसत होतो. मला माझी लाज वाटत होती आणि त्यांच्यावर काही वेळ रागही येत होता. एखाद्या माणसावर इतकी माया असावी आणि त्याच वेळी त्या कणगीतल्या लेकराचा विचार मनातून जाऊ नये, हे मला झेपत नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या लगनसराईत एका रविवारी तीन बाया ओट्यावर आल्या. मी नेहमीसारखा कडेला बसलो होतो. दोघी नणंदा होत्या, हसऱ्या, घाईतल्या. तिसरी त्यांची भावजय, तिशीतली. तिने पदर पुढे ओढला होता, पण वाऱ्याने सरकला तेव्हा दिसलं, सगळ्या चेहऱ्यावर देवीचे वण होते आणि एक डोळा जरा अधू होता. नणंदांनी हात भरून घेतले. भरून झालं की भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायची रीत आहे, तशा त्या वाकल्या आणि उठल्या. वहिनी, तुमी राहू द्या, मोटार चुकेल, असं एक म्हणाली. ती बाई उठली नाही. सतरंजीवर पुढे सरकली आणि तिने डावा हात तुळशीरामजींच्या पुढे धरला.

त्यांनी हात उलटा केला. हातावर टोचल्याची खूण नव्हती. त्यांनी माहेर विचारलं आणि तिने त्या गावाचं नाव सांगितलं.

तुळशीरामजींची बोटं थांबली. मी उठून जायला हवं होतं, पण बसून राहिलो.

"तुमी देवीवाले डाक्टर ना?" बाई म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, बाजारात भाव विचारावा तसा. "मी पायलं होतं तुमाले. फटीतून. मायनं मले न माह्या भावाले कणगीत टाकलं होतं न थे वावरात गेली. भाऊ लहाना, झोपून गेला. मले अंधाराचा भेव वाटे. मी मुद्दाम खोकलली. म्हटलं डाक्टर आइकतीन न झाकण काढतीन."

तिला एवढंच ठाऊक होतं. डाक्टरांना ऐकू आलं नाही आणि ते निघून गेले, असं ती वीस वर्षं धरून होती. मला वाटलं, आता या माणसाने खोटं बोलावं. नाही आलं ऐकू, म्हणावं आणि मोकळं व्हावं. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होतो.

"आइकलं होतं, माय," तुळशीरामजी म्हणाले. "दोन डाव खोकलली तू. मी तिथंच उभा होतो."

"मंग?"

"राग आला होता मले. तुह्या गावाचा. म्हणून नाई काढलं झाकण."

नणंदांना काही कळलं नाही. एक दुसरीकडे पाहून, मोटारीचं पाय, म्हणाली. तुळशीरामजींनी बाईच्या मनगटावरची बोटं सोडवली आणि आपला तळहात नुसता तिच्या हाताखाली उघडा ठेवला. तिला हात काढून घ्यायचा असेल तर अडवायला आता काही नव्हतं.

बाई बांगड्यांच्या तारांकडे पाहत राहिली. "भाऊ गेला माहा त्या साली," ती म्हणाली. बाजूच्या दुकानात कोणीतरी कापड फाडलं.

हात तसाच होता.

"भरा न जी," शेवटी ती म्हणाली. "टाइम होऊन राहिला."

त्यांनी भरायला घेतल्या. हिरव्या, साध्या, बारीक काचेच्या. एकेक बांगडी अशी चढवली की तिच्या हाताला ती कळलीही नसेल. एकही वाढवली नाही. डावा हात भरून झाला आणि ते थांबले. उजवा हात मागायची त्यांची छाती होईना. खाली मान घालून ते नुसते बसून राहिले, गुडघ्यावर हात ठेवून. नणंद म्हणाली, वहिनी चला, आता एवढंच पुरे. बाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. पदर सावरला आणि उजवा हात पुढे केला.

तोही भरून झाल्यावर ती उठली. नमस्कार केला नाही. पाणी लावू नको, खाजवू नको, हे तुळशीरामजींच्या तोंडून त्या दिवशी निघालं नाही. तीन बाया गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत ते पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मलाही रडू येत होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोन्ही देले, बाबू," ते म्हणाले. "आपणहून. दोन्ही देले तिनं."